टोटोरो तुमसर रोडला उतरेल का?

मार्च २०२५ आठवतोय ना? आठ-दहा दिवस प्रत्येकाचा डीपी ‘घिबली’ झाला होता. लग्नातला फोटो, आजीचा फोटो, बैलजोडीसोबतचा फोटो, एसटी स्टँडवरचा सेल्फी, सगळ्यांचे डोळे मोठे आणि गाल गुलाबी. एआयला फोटो दिला की काम तमाम. ज्या जपानी स्टुडिओच्या हातानं काढलेल्या चित्रांची ही नक्कल होती, त्याचं नाव अशांनीही घेतलं ज्यांनी त्याचा एकही सिनेमा पाहिला नव्हता. जपानी माणूस त्याला ‘जिब्ली’ म्हणतो, पण आपल्याकडे आता ‘घिबली’च रुळलंय, तर राहू द्या.

त्या ट्रेंडमधून एक गोष्ट मात्र आपल्यापर्यंत आली नाही. आवाज. ज्यांनी हे सिनेमे खरंच पाहिलेत त्यांना विचारा, ‘स्पिरिटेड अवे’च्या सुरुवातीला गाडीच्या मागच्या सीटवर पडलेली रुसलेली मुलगी आणि तिच्यामागे वाजणारा तो एकटा पियानो ते विसरू शकतात का. चित्र फोनवर आलं तरी चालतं. हा आवाज मात्र गेल्या काही वर्षांत फोनमधून बाहेर पडून मोठमोठ्या सभागृहांत जाऊन बसलाय. जिवंत वाद्यवृंद, मागे भलामोठा पडदा, पडद्यावर सिनेमातले प्रसंग, आणि हजारो लोक गप्प बसून ऐकतायत. जगभर या मैफलींची तिकिटं विकली जातात. आपल्याकडेही सध्या ‘कॉन्सर्ट इकॉनॉमी’ची जोरात चर्चा आहे. म्हणून प्रश्न पडतो की या दोन गोष्टी कधी एकत्र येतील का, आणि आल्या तर तुमसरच्या कॉलेजातल्या पोरापोरींच्या वाट्याला त्यातलं काय येईल?

आधी हे प्रकरण कुठून सुरू झालं ते बघू. या संगीताचा बादशहा म्हणजे जो हिसाइशी. खरं नाव मामोरू फुजिसावा, जन्म १९५०, नागानो प्रांतातला. टोपणनावाची गोष्ट मजेशीर आहे. अमेरिकी संगीतकार क्विन्सी जोन्स हा त्याचा आवडता. ‘हिसाइशी’ ज्या लिपीचिन्हांनी लिहितात त्यांचा दुसरा उच्चार ‘कुइशी’ असा होतो, म्हणजे क्विन्सीच्या जवळपास. आणि जोन्सचा झाला ‘जो’. हयाओ मियाझाकी या दिग्दर्शकासोबत त्याची जोडी १९८४च्या ‘नौसिका’पासून जमली. मग ‘माय नेबर टोटोरो’ १९८८ साली, ‘प्रिन्सेस मोनोनोके’ १९९७, ‘स्पिरिटेड अवे’ २००१, आणि अगदी अलीकडे २०२३चा ‘द बॉय अँड द हेरॉन’. यातल्या शेवटच्या दोघांना सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाचं ऑस्कर मिळालं.

या जोडीची कामाची पद्धत आपल्या सिनेमावाल्यांना चमत्कारिक वाटेल. सिनेमा पूर्ण व्हायच्या आधीच, नुसती चित्रं आणि कल्पना पाहून, हिसाइशी ‘इमेज अल्बम’ बनवतो. म्हणजे त्या जगाचं संगीत आधी, प्रसंग नंतर. त्यातल्या धुना मग सिनेमात मुरतात. म्हणूनच ते पार्श्वसंगीत असूनही सिनेमाशिवाय उभं राहतं, आणि म्हणूनच त्याची मैफल होऊ शकते. प्रत्येक सिनेमाच्या पार्श्वसंगीताची होत नाही. मारामारीच्या सीनमागचा ढणढणाट दोन तास ऐकून पाहा, कळेल.

ऑगस्ट २००८ मध्ये टोकियोच्या बुदोकान सभागृहात या जोडीची २५ वर्षं साजरी झाली. बुदोकान हे मुळात ज्युदो-कराटेसारख्या युद्धकलांचं सभागृह. मंचावर सुमारे २०० जणांचा वाद्यवृंद, ८०० जणांचा गायनसमूह आणि वर १६० जणांचं बँडपथक. हिसाइशी स्वतः कधी पियानोवर, कधी हातात काठी घेऊन संचालन करणारा. या आकड्यांमधली मला सर्वात महत्त्वाची वाटते ती एक बारीक गोष्ट. ८०० गाणाऱ्यांमध्ये लहान मुलांचा एक गायनसमूह होता आणि जाहीर आवाहन करून निवडलेले सामान्य लोकही होते. आपल्यासारखेच, नोकरी-शाळा सांभाळून गाणारे. पुढे २०१७ मध्ये पॅरिस, २०१८ मध्ये मेलबर्न, २०२२ मध्ये न्यूयॉर्कचा रेडिओ सिटी म्युझिक हॉल असा हा प्रवास पसरत गेला. २०२३ मध्ये लंडनच्या रॉयल फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्रासोबत अल्बम आला, तोही डॉइच ग्रामोफोन या कंपनीकडून, जी बाख-बिथोवनसाठी ओळखली जाते. कार्टूनचं संगीत म्हणून नाक मुरडणाऱ्यांची बोलती तिथेच बंद झाली. आता ‘नारुतो’, ‘वन पीस’ यांच्याही सिम्फनी मैफली देशोदेशी फिरतात.

काठीवाल्याच्या कानात काय असतं?

या मैफलींचे दोन प्रकार आहेत आणि ते वेगळे ओळखता आले पाहिजेत. पहिल्यात संगीत मुख्य असतं, पडद्यावर निवडक प्रसंग चालू राहतात. हिसाइशीच्या मैफली या प्रकारातल्या. दुसऱ्यात पूर्ण सिनेमा दाखवतात, संवाद आणि इतर आवाज रेकॉर्ड केलेलेच राहतात, फक्त संगीताची पट्टी बंद करून ती जागा समोर बसलेला वाद्यवृंद भरतो. हा दुसरा प्रकार जीवघेणा. सिनेमा कुणासाठी थांबत नाही. पात्रानं दार उघडलं त्याच क्षणी झांज वाजायला हवी, अर्धा सेकंद उशीर झाला तर लोक हसतील. म्हणून संचालकासमोर एक छोटा पडदा असतो, त्यावर रंगीत उभ्या रेषा सरकतात आणि ठरलेल्या जागी प्रकाशाचा ठिपका चमकतो. शिवाय कानात ‘क्लिक’ असते, म्हणजे मेट्रोनोमसारखी टिकटिक. ऐकणाऱ्याला वाटतं सूर कसे आपोआप वाहतायत. संचालक मात्र तेव्हा परीक्षेतल्या शेवटच्या दहा मिनिटांसारखा घड्याळाशी झटत असतो.

ही कल्पना नवी आहे असं समजू नका. मूकपटांच्या काळात सगळा सिनेमा असाच चालायचा. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली आला, त्याला आवाज नव्हता, आणि पुढची जवळजवळ वीस वर्षं पडद्याच्या पुढ्यात पेटी-तबलेवाले बसून प्रसंगाप्रमाणे वाजवायचे. बोलपट आला आणि त्या सगळ्यांचा रोजगार गेला. आज एआयनं नोकऱ्या जाणार म्हणून आपण घाबरतो, त्याची तालीम सिनेमातल्या वादकांनी कधीच करून ठेवली आहे. एकदा नव्हे, दोनदा. दुसऱ्या वेळेकडे पुढे येतोच.

आपल्याकडे अडचण शब्दापासूनच आहे. तुमसरमध्ये ‘ऑर्केस्ट्रा’ म्हटलं की कुणाच्या डोळ्यांसमोर साठ व्हायोलिनं येत नाहीत. गणपती किंवा शारदा मंडळाचा स्टेज, एक कीबोर्ड, एक ऑक्टोपॅड, ढोलक, निवेदकाचे शेर आणि ‘व्हॉईस ऑफ किशोर’. यात हसण्यासारखं काही नाही. अख्ख्या महाराष्ट्रानं हा ऑर्केस्ट्रा मनापासून ऐकलाय आणि कित्येक चांगले गायक-वादक त्यातून घडले. फक्त तिथे एक कीबोर्ड चाळीस वादकांचं काम करतो. हिसाइशीच्या मैफलीत नेमकं उलटं असतं. एका व्हायोलिनवाल्याला जे जमणार नाही ते तीस जण मिळून करतात, आणि तीस जणांचा तो एकत्र श्वास मशीनला अजून नीट घेता येत नाही. समोर बसून ऐकल्यावर अंगावर काटा येतो तो याच्यामुळे. इअरफोनवर ऐकलं तर धून कळते, तो श्वास कळत नाही.

आणि आपण तर बराच काळ ॲनिमेची धूनसुद्धा ऐकली नाही. दूरदर्शनवर १९९३ साली आलेला ‘जंगल बुक’ जपानी होता, हे आपल्या आई-बाबांना सांगा, बघा चेहरा. त्याचं शीर्षकगीत गुलजार यांनी लिहिलं, संगीत विशाल भारद्वाज यांचं. गाणं अप्रतिमच होतं, पण जपानी मालिकेचं स्वतःचं गाणं आपल्यापर्यंत पोचलं नाही. ‘डोरेमॉन’ही आपण हिंदीतच ऐकत मोठे झालो. चित्र जपानचं, आवाज आपला, अशी ती वाटणी होती. ती मोडली स्ट्रीमिंगनं. जिब्लीचे सिनेमे २०२० पासून नेटफ्लिक्सवर मूळ आवाजात आले, क्रंचीरोलनं २०२२ मध्ये भारतातली वर्गणी महिन्याला ७९ रुपयांपर्यंत खाली आणली. त्याआधीच, २०१९ मध्ये, ‘वेदरिंग विथ यू’ भारतातल्या थिएटरात लागावा म्हणून चाहत्यांनी ऑनलाइन सह्यांची मोहीम चालवली आणि सिनेमा खरोखर लागला. सप्टेंबर २०२५ मध्ये ‘डेमन स्लेयर’चा ‘इन्फिनिटी कॅसल’ आला तेव्हा पहाटेच्या शोलाही पोरं हजर होती. म्हणजे ऐकणारे तयार झालेत. मग वाजवणारे कुठे आहेत?

जपानमध्ये ते शाळेतच सापडतात

‘हिबिके! युफोनियम’ ही २०१५ची मालिका ज्यांनी पाहिली असेल त्यांना उत्तर माहीत आहे. एका सरकारी हायस्कूलचा बँड क्लब, रोज शाळा सुटल्यावरची तालीम, कोण सोलो वाजवणार यावरून रडारड, आणि समोर देशपातळीवरची स्पर्धा. हे सगळं काल्पनिक नाही. जपानमध्ये शाळाशाळांत फुंकवाद्यांचे क्लब असतात, वाद्यं बहुतेकदा शाळेची असतात, आणि राष्ट्रीय बँड स्पर्धेला आपल्याकडच्या शालेय कबड्डी स्पर्धेइतकं वजन असतं. त्यातले बहुतेक जण पुढे वादक होत नाहीत. ते इंजिनिअर होतात, दुकान चालवतात, नर्स होतात. पण मैफलीचं तिकीट तेच काढतात, कारण क्लॅरिनेटवर तो सूर काढायला किती दम लागतो हे त्यांच्या छातीला ठाऊक असतं.

याचं सर्वात भन्नाट उदाहरण १९८८च्या ‘अकिरा’चं. त्याचं अंगावर येणारं संगीत कुणा मोठ्या सिनेसंगीतकाराचं नव्हे, ‘गेइनो यामाशिरोगुमी’ या समूहाचं आहे. या समूहातले लोक हौशी. विद्यार्थी, डॉक्टर, इंजिनिअर, पत्रकार. त्यांनी इंडोनेशियाची गॅमेलान वाद्यं, जपानी नोह नाट्यातलं गायन असं सगळं एकत्र कालवलं आणि एक असा आवाज काढला जो आजही कुणाला नीट चोरता आलेला नाही. हौशी म्हणजे कच्चं, हा आपला समज इथे पार मोडतो.

आता म्हणाल, जपानचं सोडा, आपल्याकडे कुठे असं काही होतं? होतं. गोव्यात. पोर्तुगीज काळात तिथल्या चर्चच्या पॅरिश शाळांमध्ये मुलांना स्वरलिपी वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवायचे. हेतू धार्मिक होता, चर्चमध्ये गायला-वाजवायला माणसं हवी होती. पण ती शिकलेली पोरं पुढे मुंबईला आली आणि हिंदी सिनेमाचा वाद्यवृंद त्यांच्यातून उभा राहिला. सेबॅस्टियन डिसोझा, चिक चॉकलेट, फ्रँक फर्नांड, अँथनी गोन्साल्विस. संगीतकार धून द्यायचा, ती साठ वादकांसाठी कागदावर उतरवायचं काम यांचं. अँथनी गोन्साल्विस हे माजोर्डा गावचे. १९५८ साली त्यांनी मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजच्या प्रांगणात आपल्या रागांवर बेतलेलं संगीत मोठ्या वाद्यवृंदाकडून वाजवून घेतलं आणि त्यात लता मंगेशकर आणि मन्ना डे गायले. कॉलेजचं प्रांगण, लक्षात घ्या. त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी नंतर ‘अमर अकबर अँथनी’तल्या त्या गाण्यातून गुरूचं नाव घराघरांत पोचवलं. आपण मात्र ते नाव अमिताभच्या पात्राचं समजून नाचत राहिलो.

हा वाद्यवृंद गेला नव्वदच्या दशकात. सिंथेसायझर आला, मग कॉम्प्युटर, आणि ज्या स्टुडिओत शंभर वादक बसायचे तिथे चार जण पुरायला लागले. मघाशी म्हटलेली दुसरी वेळ हीच. आज देशातला एकमेव व्यावसायिक सिम्फनी वाद्यवृंद मुंबईत एनसीपीएमध्ये आहे, २००६ साली सुरू झालेला सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया. काम दर्जेदार आहे. पण त्यातले बरेच वादक परदेशातून येतात, कारण इथे शाळेपासून शिकून तयार झालेले पुरेसे मिळत नाहीत. मुंबईसारख्या शहरांत मेणबत्त्यांच्या प्रकाशात सिनेसंगीत वाजवणाऱ्या मैफली होतात, त्यात बहुधा चार वादक असतात. चांगलं वाटतं, रील छान येतं. पण ते चारच असतात.

एक जपानी रामायण, एक मुंबईकर संगीतकार

जपानी ॲनिमेशन आणि आपला वाद्यवृंद यांची गाठ आधीच पडून गेली आहे, आणि ती फार कमी जणांच्या लक्षात आहे. ‘रामायण: द लिजंड ऑफ प्रिन्स रामा’. युगो साको या जपानी माणसाच्या ध्यासातून झालेला हा सिनेमा १९९२ मध्ये पूर्ण झाला. दिग्दर्शनात आपले राम मोहन होते, आणि संगीत वनराज भाटिया यांचं. गाण्यांचे संस्कृत बोल वसंत देव यांचे, तेच ज्यांनी तेंडुलकरांची नाटकं हिंदीत नेली. हिंदी आवृत्तीत रामाचा आवाज अरुण गोविल, रावणाचा अमरीश पुरी. जानेवारी २०२५ मध्ये तो ४केमध्ये पुन्हा थिएटरात लागला, हिंदी, तमिळ, तेलुगू, इंग्रजी अशा भाषांत. मराठीत नाही, हे जाता जाता.

भाटिया मुंबईचे, लंडनच्या रॉयल अकॅडमीत शिकलेले, पॅरिसमध्ये नादिया बुलांजे यांच्याकडे तालीम घेतलेले. ‘अंकुर’, ‘मंथन’, ‘भूमिका’, ‘भारत एक खोज’, ‘तमस’. वाद्यवृंदासाठी कागदावर संगीत लिहिणारा असा माणूस आपल्याकडे दुर्मीळ. २०१२ मध्ये पद्मश्री मिळाली, आणि २०१९ मध्ये बातम्या आल्या त्या म्हातारपणी औषधपाण्याला पैसे नाहीत अशा. २०२१च्या मे महिन्यात ते गेले. हिसाइशी त्यांच्याहून तेवीस वर्षांनी लहान, पंचाहत्तरीच्या आसपास अजून जगभर हिंडून स्वतःच्या धुना वाजवतोय. दोघांची प्रतिभा तोलायचा इथे प्रश्न नाही. एकाच्या मागे वाजवणाऱ्यांची आणि ऐकणाऱ्यांची पिढी उभी होती, दुसऱ्याला दर वेळी नव्यानं माणसं गोळा करावी लागली. माझ्या मते भारतात ॲनिमेची पहिली मोठी जिवंत मैफल व्हायची असेल तर ती या रामायणाची व्हावी. आणि ती नागपुरात व्हावी. रामटेक शेजारीच आहे, मुहूर्त शोधायला लांब जावं लागणार नाही.

आता नागपूर म्हटलं की हिशोब आला. कोल्डप्ले जानेवारी २०२५ मध्ये नवी मुंबई आणि अहमदाबादला वाजवून गेलं, आणि त्याच महिन्यात पंतप्रधानांनी भुवनेश्वरच्या भाषणात त्याचा दाखला देत राज्यांना कॉन्सर्ट इकॉनॉमीकडे लक्ष द्यायला सांगितलं. तेव्हापासून जो तो स्टेडियमबद्दल बोलतोय. स्टेडियमची मैफल म्हणजे चार-पाच कलाकार, डोंगराएवढे स्पीकर, पन्नास हजार माणसं. वाद्यवृंदाची मैफल म्हणजे साठ कलाकार आणि दोन हजार माणसं. पहिलीत पैसा सुटतो, दुसरीत अडकतो.

समजण्यापुरता एक कच्चा हिशोब मांडू, आकडे धरलेले आहेत. साठ वादक, दोन दिवस तालीम, एक दिवस कार्यक्रम, माणशी रोजचे पाच हजार. झाले नऊ लाख. त्यात प्रवास, राहणं-खाणं, मोठ्या वाद्यांची ने-आण, सभागृह, पडदा, सिनेमाचे आणि संगीताचे हक्क धरून सगळं पंचवीस लाखांत बसवलं समजा, आणि ते बसणं कठीण आहे. नागपूरच्या रेशीमबागेतलं सुरेश भट सभागृह सुमारे दोन हजार खुर्च्यांचं. सगळ्या भरल्या तरी तिकीट साडेबाराशेच्या खाली येत नाही. तुमसरच्या पोराला त्यावर दोन तास जाणं, दोन तास येणं, आणि रात्री दहाला कार्यक्रम सुटल्यावर परत कसं यायचं हा प्रश्न. मुंबईला झाली मैफल तर विदर्भ एक्स्प्रेस देव्हाडीच्या तुमसर रोड स्टेशनवर थांबते, एवढाच दिलासा. एका संध्याकाळसाठी दोन रात्री रेल्वेत.

म्हणून नुसती बाजाराच्या भरवशावर ही मैफल इकडे येणार नाही. सरकारी मदत लागेल, आणि ती मागायला जागा आहे. दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्राचं मुख्यालय नागपुरातच आहे. मोठ्या महोत्सवांवर इथे खर्च होतोच, दरवर्षी मुंबईचे गायक येतात, दोन तास गातात, रात्रीच्या विमानानं जातात. त्यातली एक संध्याकाळ वाद्यवृंदाला दिली आणि आधीचे दोन दिवस तालमी कॉलेजच्या मुलांना फुकट पाहू दिल्या, तर तिकीट काढणाऱ्यापेक्षा जास्त फायदा तालीम पाहणाऱ्याचा होईल. ‘आमच्याकडे तसं सभागृह नाही’ हे कारण फार चालत नाही. बुदोकान तरी कुठे संगीतासाठी बांधलं होतं?

मंडईतले वादक आणि पौषातले बँडवाले

आणि जिवंत संगीताची सवय म्हणाल तर ती आपल्याच मुलखात जास्त आहे. दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते, दंडार होते. जिल्ह्याच्या पूर्वेला, साकोली-लाखांदूरकडे, धान निघालं की झाडीपट्टीची नाटकं सुरू होतात, रात्री दहाला पडदा वर आणि पहाटे खाली. वादक मंचाच्या पुढ्यात बसलेले. खलनायक आला की तबल्याची थाप, हिरॉइन रडली की ऑर्गनचा सूर, आणि नट वाक्य विसरला तर तेवढा वेळ भरून काढणारा ठेका. क्लिक नाही, रंगीत रेषा नाहीत, नजर सरळ नटावर. सिनेमाला जिवंत साथ देणारा संचालक जे करतो त्याचीच ही जास्त अवघड आवृत्ती आहे, कारण सिनेमा निदान रोज सारखाच असतो. डॉ. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये झाडीपट्टीसाठी पद्मश्री मिळाली तेव्हा नटांची खूप चर्चा झाली, वादकांची कमी.

दुसरे आपले लग्नाचे बँडवाले. ट्रम्पेट, क्लॅरिनेट, आणि हो, युफोनियमसुद्धा. जी पितळी वाद्यं ॲनिमेत पाहून आपण ‘वॉव’ म्हणतो, ती आपल्या वरातीत दर उन्हाळ्यात वाजतात आणि आपण त्यांच्या पुढे डीजे लावतो. यातले बरेच जण कागदावरचे सूर वाचत नाहीत, कानानं उचलतात, पण नवीन पिक्चरचं गाणं दोन दिवसांत बसवतात.

विद्यापीठाच्या युवा महोत्सवात लोकवाद्यवृंदाची स्पर्धा आहे, पाश्चात्त्य वाद्यवादनही आहे, पण ते एकट्याचं. दहा-पंधरा जणांनी लिहिलेलं संगीत मिळून वाजवायचं, असा प्रकार त्यात बसत नाही. नियम बदलेपर्यंत गॅदरिंग आहे. आणि इथे एक उपयोगाची गोष्ट. आपल्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ शैक्षणिक संस्थेच्या कार्यक्रमात तिथल्याच विद्यार्थी-शिक्षकांनी संगीत वाजवायला सूट देतं, जोवर ऐकणारे विद्यार्थी, शिक्षक, पालक आणि कॉलेजशी संबंधित लोक असतात. यूट्यूबवर टाकायला गेलात तर गोष्ट वेगळी, आणि बाहेरचे वादक मंचावर बसवले तरी ती सूट मिळेलच असं नाही. बँडवाल्यांकडून शिकायला मात्र कुणाची हरकत नाही.

सुरुवातीला ‘टोटोरो’चं ‘सान्पो’ घ्या. सान्पो म्हणजे फेरफटका. सरळ चालीचा मार्च, जपानमधल्या बालवाड्यांत मुलं ते गात चालतात. चालता चालता कसं वाजवायचं हे बँडवाल्यांइतकं कुणाला माहीत असणार? आणि पौषात लग्नं नसतात, ते रिकामे असतात, गॅदरिंगही साधारण त्याच दिवसांत येतं.